स्टीलच्या रुपयांची छाननी: गायब हिरा आणि उठावाच्या रेघा

ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या दुकानांच्या गल्ल्यांतून जमलेले १९९२ ते २००४ मालिकेतले स्टीलचे रुपये (२५ मिमी, ४.८५ ग्रॅम) चाळून झाले. 'एरर', म्हणजे टांकसाळीत छापतानाच चुकलेले, म्हणून वेगळे काढलेले बरेचसे पुन्हा चिल्लरीत गेले.

आधी कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग सुती कापडावर टिपणं. चिंच-लिंबू किंवा भांड्यांची पावडर लागली की पृष्ठभागाचा पुरावाच संपतो.

रेघ दिसली तर दिवा एका बाजूला, अगदी आडवा ठेवा आणि १०एक्स भिंगातून 'भारत' या अक्षरांची सावली कुठे पडते ते बघा. रेघेची सावली त्याच बाजूला असेल तर रेघ उठावाची: ठशाला (नाणं छापणाऱ्या साच्याला) भेग गेली आणि धातू तिच्यात शिरला. उलट बाजूला असेल तर रेघ खोलगट, म्हणजे बहुधा नुसता ओरखडा.

सगळ्यात जास्त फसवणूक टांकसाळीच्या खुणेत. सालाखाली हिरा म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, गोल टिंब नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. पण ठशाच्या खळग्यात वंगण आणि धातूचा कीस साचला की हिरा उमटतच नाही, आणि मुंबईचा रुपया कोलकात्याचा म्हणून खपतो. आडव्या उजेडात त्या जागी पुसट फुगवटा शोधा. शेजारचे आकडेही अर्धवट भरलेले असतील तर संशय पक्का. खूण घासून काढली असेल तर तिथे समांतर बारीक ओरखडे असतात आणि चमक वेगळी पडते. दोन्ही नसेल तर मुकाट्याने कोलकाता लिहावं.

कड कापलेली असेल तर समोरची कड बघा. छापण्याआधीची कोरी चकतीच अपुरी असेल तर तिथला काठ बहुतेक वेळा पुसट उमटतो, आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन कमी भरतं. कानशीने कापलेल्या नाण्याचं वजनही कमीच, पण समोरचा काठ ठणठणीत.

शिरोरेषा दुहेरी दिसते? सपाट, पायरीसारखी दुसरी कडा असेल तर ठसा छापताना हलला, इतकंच. त्याला जादा पैसे देऊ नयेत. खऱ्या दुहेरी ठशात, म्हणजे ठशावरच प्रतिमा दोनदा कोरली गेली असेल तर, दोन्ही प्रतिमा गोलाईदार असतात आणि अक्षरांच्या टोकांना खाच दिसते.

फिरलेला ठसा तपासायला नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा. दोन्ही बाजू सरळ यायला हव्यात. पंधरा अंशांच्या आतलं फिरणं फक्त वहीत नोंदवावं.

खाडीकाठच्या हवेत हे स्टील पावसाळ्यात गंजाचे ठिपके धरतं, आणि भिंगाखाली ते चकतीच्या दोषासारखे दिसतात. पाकिटात ओलावा शोषणारं सिलिका जेल हवंच.