लिव्हरपूलचं पाणी आणि ‘पोझिशन झेड’

पावसाळ्यात घरी फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला: आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट? 40ला इशारा, 45ला धोका, आणि 2019 साली 57च्याही वर गेलं होतं, हे सांगलीत शाळकरी पोरही सांगतं. म्हणूनच इथली, लिव्हरपूलची, मर्सी नदी मला आधी पटलीच नाही. मोठ्या उधाणाला पाणी 10 मीटरच्या आसपास चढतं, सहा तासांत उतरतं, आणि कुणी सामान माळ्यावर टाकत नाही. वेळ आणि उंची आधीच छापलेली असते.

आबांनी लगेच विचारलं, “मग कोयनेच्या पाण्याचं असं आधी सांगणं का जमत नाही?” आबा, भरती चंद्र-सूर्य ओढतात आणि त्यांची चाल ठाऊक आहे. पाऊस कुठे असा बांधलेला?

हे गणित या शहराचं जुनंच. 1919 साली इथे भरती-ओहोटीच्या अभ्यासाची संस्था निघाली. तिचे कर्तेधर्ते आर्थर डूडसन. कानांनी जवळजवळ बहिरे, आणि पहिल्या महायुद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेला माणूस! ऑक्टोबर 1943मध्ये नौदलाच्या जलनकाशा विभागातून विल्यम फार्क्वारसन यांचं पत्र त्यांच्याकडे आलं. जागेचं नाव नाही, फक्त ‘पोझिशन झेड’. सोबत तिथल्या भरतीतल्या लयी सांगणाऱ्या आकड्यांच्या 11 जोड्या, त्याही बऱ्याचशा अंदाजाने बसवलेल्या. 1 एप्रिल 1944पासून चार महिन्यांची, दर तासाची पाण्याची उंची हवी होती.

काम केलं पितळी यंत्रांनी. भरतीतल्या एकेका लयीला एकेक कप्पी, सगळ्यांवरून गेलेली एकच तार, आणि त्या साऱ्यांची बेरीज टोकाला उमटते. अशी दोन यंत्रं होती. एकाच बाँबने दोन्ही जाऊ नयेत म्हणून युद्धात ती वेगवेगळ्या इमारतींत ठेवली होती.

ती जागा म्हणजे फ्रान्समधला नॉर्मंडीचा किनारा. जर्मनांच्या ताब्यातल्या या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरणार होतं. जर्मनांनी तिथे भरतीच्या पाण्याखाली बुडतील असे अडथळे रोवलेले. भर भरतीला गेलं तर होड्या त्यांवर फुटणार, पूर्ण ओहोटीला गेलं तर सैनिकांना उघड्या वाळूवरून गोळ्या झेलत धावावं लागणार. म्हणून पहाटेनंतर, ओहोटी संपून पाणी चढू लागताना उतरायचं. शिवाय छत्रीधारी सैनिकांना चांदणं हवं. हे सगळं जुळणारे दिवस तीनच, 5 ते 7 जून. 5 तारीख हवामानाने खाल्ली. 6ला अमेरिकी सैनिक साडेसहाला उतरले, ब्रिटिश जवळपास तासभर उशिरा, कारण पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर पाण्याची वेळच वेगळी होती.

याची किंमत कळायला तारावा बघावं. नोव्हेंबर 1943, पॅसिफिकमधलं बेट, भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती. प्रवाळाच्या कड्यावर पुरेसं पाणी चढलंच नाही. होड्या अडकल्या आणि सैनिकांना शेकडो मीटर पाण्यातून गोळीबारात चालत जावं लागलं.

आता हे काम संगणक करतात. पण किनाऱ्यालगतचं उथळ पाणी अजून खट्याळच: तळ भरतीचा आकार बिघडवतो, वारा पाणी किनाऱ्यावर रेटतो. चंद्राचं गणित अचूक असलं तरी वादळात छापील उंची चुकते, म्हणून नौदलाला तक्त्याबरोबर वारा, लाटा आणि प्रवाहांचा ताजा अंदाजही लागतो.

त्या दोन जुन्या यंत्रांपैकी एक लिव्हरपूलमध्येच जपून ठेवलं आहे. इकडे आलात तर जरूर बघा, फक्त ते रोज बघायला मिळत नाही, आधी चौकशी करा.