ओट्सचं पाकीट घेऊन कॅरब्रिजला जाऊ नका

स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात कॅरब्रिज नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९९४ पासून पॉरिज, म्हणजे ओटची लापशी, शिजवण्याची जागतिक स्पर्धा भरते, ऑक्टोबरमध्ये. बक्षिसाचं नाव 'गोल्डन स्पर्टल'. त्यातल्या पारंपरिक गटाचा नियम एका ओळीत मावतो: प्रक्रिया न केलेलं ओटमील (ओटची भरड), पाणी, मीठ. दूध नाही, साखर नाही, मध नाही, वेलचीचं तर नावच काढू नका. त्यातही खरी मेख 'प्रक्रिया न केलेलं' या शब्दांत आहे. वाफवून चपटे केलेले ओट्स या गटात चालत नाहीत. म्हणजे पुण्यात ज्यांना आपण ओट्स म्हणतो, जे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घरोघरी आणले जातात आणि 'चिकट आहे हो' म्हणून डब्यात तळाला पडून राहतात, ते या स्पर्धेत दारातच बाद.

नियम वाचून कुठलाही पुणेकर आधी नाक मुरडणार. पाणी आणि मीठ? ही तर तापातली पेज! आपल्याकडे तिला निदान मेतकूट आणि तुपाची धार तरी मिळते. पण त्या नियमात एक गोष्ट पकडलेली आहे आणि ती मान्य करायलाच हवी. दूध-साखर घातली की कच्चं, करपलेलं, गुठळ्यांचं सगळं झाकलं जातं. नुसत्या पाण्या-मिठात लपायला जागा नाही. मग प्रश्न उरतो तो दाणा किती फोडलाय आणि पाण्यात कसा पडला, एवढाच.

ओटचं टरफल काढल्यावर जो दाणा उरतो त्याला इथे, स्कॉटलंडमधल्या एडिंबरात, ग्रोट म्हणतात. तो भट्टीत तापवलेला असतो. ओटमध्ये गहू-तांदळापेक्षा चरबी बरीच जास्त, १०० ग्रॅममध्ये ६-७ ग्रॅम, आणि ती चरबी फोडणारं एन्झाइमही दाण्यातच असतं. तापवून ते मारलं नाही तर पीठ लवकर खवट आणि कडू होतं. हा दाणा पोलादी पात्यांनी दोन-चार तुकड्यांत कापला की झालं पिनहेड, भारतात पाकिटावर 'स्टील कट' लिहिलेलं असतं ते. जात्यावर भरडला की जाडं, मध्यम किंवा बारीक ओटमील. वाफ देऊन रुळांखाली दाबला की चपटे रोल्ड ओट्स, आणि आधीच शिजवून, सुकवून आणखी पातळ लाटला की इन्स्टंट. जितका दाणा पातळ, तितकं पाणी लवकर आत शिरतं आणि तितका चिकट लगदा. ओटमधला बीटा-ग्लुकन हा तंतू पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो. पातळ पापुद्र्यात तो एका मिनिटात बाहेर येतो, तुकड्यात हळूहळू. 'ओट्स चिकट असतात' ही तक्रार मुळात इन्स्टंट ओट्सची आहे, बिचाऱ्या दाण्याची नाही.

स्कॉटलंडमधली जुनी घरं मध्यम भरड वापरतात. पुण्यात ती शोधत फिरू नका. स्टील कट ओट्स १०० ग्रॅम घ्या, मिक्सरच्या कोरड्या भांड्यात पल्सवर एक-दोन सेकंदांचे तीन-चार झटके द्या. इडली रव्याएवढं झालं की थांबा. पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडलेलं पीठ धिरड्यात घाला, वरचं पॉरिजला. हे पीठ काढून टाकणं महत्त्वाचं, नाहीतर भरड शिजायच्या आधीच पिठाची खळ होते आणि तळाला धरते. चपटे ओट्स मिक्सरमध्ये फिरवून हे जमत नाही, त्यांचा सरळ भुगा होतो. आणि आठवड्यापुरतंच भरडा. मे महिन्यात भरड फ्रीजमध्येच, कारण भरडलं की ती चरबी हवेला उघडी पडते.

आता कृती. दोघांना ७० ग्रॅम भरड, ५०० मिली पाणी, पाव छोटा चमचा मीठ. पातेलं जाड बुडाचं. पाणी खळखळून उकळू द्या. डाव्या हाताच्या मुठीत भरड घ्या आणि बोटांतून धारेसारखी वैरा. उजव्या हाताने ढवळणं थांबवायचं नाही. पिठलं किंवा उकड करणाऱ्या हाताला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सगळी भरड एकदम ओतली तर प्रत्येक ढेकळाचं बाहेरचं आवरण उकळत्या पाण्यात लगेच शिजून चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. गुठळी म्हणजे हेच. मग ती पळीने कितीही चेपा, फुटते पण आतून कच्चीच राहते. वैरून झालं की उकळी पुन्हा येऊ द्या, आच अगदी बारीक करा, झाकण तिरकं ठेवा आणि १२ ते १५ मिनिटं शिजू द्या. दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळा. घट्ट वाटलं तर उकळतंच पाणी घाला. गार पाण्याने शिजणं थांबतं, आणि दाणे एकीकडे, पाणी दुसरीकडे असं होतं.

ढवळायला इथे स्पर्टल असतो. पसरट डाव नाही, पाती नाहीत, नुसता गोल लाकडी दांडा. पसरट चमचा लगद्याचा ढीग पुढे ढकलतो. दांडा मधून कापत जातो आणि पातेल्याच्या कडेला, जिथे पहिल्यांदा धरतं तिथे, नीट पोचतो. पुण्यात पोळीच्या बारीक लाटण्याचं टोक हेच काम करतं, त्यासाठी काही मागवायची गरज नाही. जुन्या लोकांचा आग्रह असा की उजव्या हाताने आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच ढवळायचं, उलट ढवळलं तर सैतान येतो म्हणे. प्रदक्षिणा उलटी घालू नये हे ऐकत वाढलेल्या माणसाने यावर हसू नये.

मीठ कधी घालायचं यावर इथली घरं भांडतात. आधी घातलं तर दाणा कडक राहतो असं बरेच जण सांगतात. एवढ्याशा मिठाने १५ मिनिटांत तसं काही होताना दिसत नाही. पण मीठ उशिरा घालावं हे मात्र खरं, आणि कारण साधं आहे: पाणी आटतं तसं मीठ चढतं. दोन तृतीयांश शिजल्यावर घाला, चव घ्या. मीठच घातलं नाही तर पॉरिजला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि तीच झाकायला मग साखर लागते.

दुधाचंही तसंच. सुरुवातीपासून दुधात शिजवलं तर दुधातली प्रथिनं तळाला बसून करपतात, वरून उतू जातं ते वेगळंच. पाण्यात शिजवून शेवटच्या तीन मिनिटांत १०० मिली दूध घाला. जुनी पद्धत याहून छान आहे: गरम पॉरिज एका वाडग्यात, गार दूध किंवा साय दुसऱ्या वाटीत, आणि प्रत्येक चमचा त्या गार दुधात बुडवून तोंडात. शेवटच्या घासापर्यंत पॉरिज गरम राहतं. आपल्याकडे खीर एकदा दुधात कालवली की संपली, हे मात्र त्यांना सुचलं.

भरडायचंच नसेल तर स्टील कट तसेच शिजवा: ८० ग्रॅमला ५०० मिली, २५ ते ३० मिनिटं. रात्री भिजवलेले असले तर १०-१२ मिनिटांत होतात. कुकरमध्ये थेट घालू नका, फेस वर येऊन शिट्टीचं भोक बुजतं. डब्यात एकास तीन पाणी, डबा एक तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, वर झाकण, तीन-चार शिट्ट्या आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. सकाळी सहाच्या पाळीला जाणाऱ्यांनी रुंद तोंडाचा थर्मास उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवावा, ते पाणी ओतून द्यावं, मग स्टील कट आणि चौपट उकळतं पाणी घालून रात्री बंद करावा. त्यात दूध घालायचं नाही, रात्रभर कोमट राहिलं की नासतं.

चपट्या ओट्सना ४० ग्रॅमला २८० मिली पाणी, आणि इथे नियम उलटा: गार पाण्यात सुरू करा. पापुद्रे हळूहळू भिजतात, गुठळी होत नाही. उकळीनंतर पाच मिनिटं पुरे. सतत ढवळलं तर सायीसारखं मऊ, न ढवळता ठेवलं तर पापुद्रे सुटे. मायक्रोवेव्हमध्ये हेच प्रमाण खोल वाडग्यात, ८०० वॅटवर दोन मिनिटं, ढवळून पुन्हा एक मिनिट, मग दोन मिनिटं तसंच ठेवा. उथळ बशी घेतली तर अर्धं पॉरिज काचेच्या तबकडीवर.

आता आपली बाजू. एका धान्यावर एवढी मिजास करणाऱ्यांपुढे ज्वारीच्या कण्या ठेवाव्यात. ज्वारी किंचित ओलवून, कांडून, कोंडा पाखडून भरडलेली. कण्या दोन-तीनदा धुवायच्या, वर तरंगणारं फोलपट ओतून द्यायचं. एक वाटी कण्यांना पाच वाट्या पाणी, मंद आचेवर २५-३० मिनिटं, मीठ शेवटी. आणि ताक? गॅस बंद केल्यावर, कण्या कोमट झाल्यावर. उकळत्यात घातलं की फाटतं. नाचणीच्या आंबिलीला ३० ग्रॅम पीठ अर्धी वाटी पाण्यात रात्रभर आंबवायचं. सकाळी ६०० मिली उकळत्या पाण्यात ते पातळ करून ओतायचं, सात-आठ मिनिटं ढवळायचं, गार झाल्यावर ताक, ठेचलेला लसूण, जिरेपूड. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, ओटला तिथवर पोचायला दुसरा जन्म घ्यावा लागेल. गहू, तांदूळ, वरई, ज्वारी, नाचणी, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं, आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून. पण कण्यांची स्पर्धा आपण कुठे भरवली? आंबील गौरीच्या नैवेद्याला, पेज तापाला, खिमट बाळाला. धडधाकट माणसाने सकाळी वाडगाभर कण्या खाल्ल्या तर घरातले विचारतात, 'बरं वाटत नाही का?'

एडिंबरामध्ये राहून ओट्स खाणं म्हणजे आपलं धान्य सोडणं, असं मात्र कुणी म्हणू नये. इथल्या गार, ओल्या हवेत ओट चांगला पिकतो, तो स्वस्त आणि ताजा मिळतो. नाचणीचं पीठ समुद्र ओलांडून येतं, त्याच्या कितीतरी पट किमतीला. त्यात कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनचा जो हिशोब युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मान्य केलाय, त्याचा अर्धा वाटा एका ४० ग्रॅमच्या वाडग्यात मिळतो. हाच तर्क उलटा लावला तर मार्केट यार्डात भुसार विभागात मंगळवेढ्याची मालदांडी मिळत असताना पुण्यात बसून मसाला ओट्सचं पाकीट फोडण्यात अर्थ नाही. पाणी-मिठाच्या पॉरिजवर मेतकूट आणि चमचाभर तूप घातलं तर कॅरब्रिजचे परीक्षक बाद करतील, करू देत. मिठाच्या पॉरिजला मेतकूट जितकं जमतं तितकी मेपल सिरपची धार जमत नाही.

उरलेलं पॉरिज फेकू नका. पूर्वी इथे ते लाकडी खणात ओतून गार करत आणि कापून शेतावर नेत, असं सांगतात. तूप लावलेल्या ताटलीत दोन सेंटिमीटर जाड थापा, फ्रीजमध्ये चार तास. त्याच्या वड्या पडतात. त्या कापून, कोरड्या ओटमीलमध्ये घोळवून तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं भाजा. उलटायची घाई केली की तुटतात, खालून पापडी धरल्यावर त्या आपोआप सुटतात. दूध घातलेल्या पॉरिजच्या वड्या मऊ पडतात, त्यामुळे दूध घालायच्या आधीच वड्यांपुरतं बाजूला काढा. आणि पातेलं गार पाण्यात भिजत ठेवा. गरम पाण्यात तळाला राहिलेला स्टार्च आणखी शिजून घट्ट चिकटतो, मग तारेचा काथ्या घेऊन बसावं लागतं.