तीन नंबरचं लेणं कुणाला दिलं होतं?

पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. शिलालेखांत या डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ असं येतं. त्रिरश्मी हे त्याचं संस्कृत रूप. मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिकपासून साधारण 8 किलोमीटर. पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहे, तिथून पायऱ्या लागतात. उन्हाळ्यात नऊच्या आत वर पोचावं. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत तळाची चप्पल नको.

लेणी 24 आहेत. पहिल्यापासून क्रमाने बघायला गेलं की निम्म्या वाटेतच डोळे थकतात, आणि पहिलं लेणं तर अर्धवटच सोडलेलं आहे. आम्ही सरळ तीन नंबरला गेलो. बरोबर एक चांगली बॅटरी ठेवली होती. अक्षरांवर समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा झोत सोडायचा, म्हणजे खाचांत सावली पडते आणि ब्राह्मी उठून येते. खडू किंवा ओला हात लावायचा नाही.

व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, दाराच्या वर, गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या 19व्या वर्षी तिने हे लेणं भिक्खुसंघाला दिलं. बहुतेक माहितीफलक आणि गाइड गौतमीपुत्राच्या पराक्रमावर थांबतात. आम्हाला त्यातला एकच शब्द हवा होता: दान घेणाऱ्यांचा. लेणं मिळालं ते ‘भदावनीय’ म्हणजे भद्रयाणीय भिक्खूंना.

हा पंथ वात्सीपुत्रीयांची शाखा, आणि वात्सीपुत्रीय म्हणजे पुद्गलवादी. ‘बौद्ध आत्मा मानत नाहीत’ एवढ्यावर विषय संपवणाऱ्याने इथे थोडं थांबावं. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांपलीकडे, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या घटकांपलीकडे, नित्य असा आत्मा नाही, हे या मंडळींनाही मान्य होतं. पण मग कर्म कुणी केलं आणि फळ कुणाला मिळतं? त्यांचं उत्तर होतं: ‘पुद्गल’, म्हणजे व्यक्ती. तो स्कंधांहून वेगळा नाही आणि स्कंध म्हणजेच तो, असंही नाही, तो अवक्तव्य, म्हणजे दोन्हींपैकी एक असं सांगता न येणारा. दाखला आगीचा आणि सरपणाचा. आग सरपणाशिवाय नसते, पण सरपण म्हणजे आग नव्हे.

बाकीच्या पंथांना हे मागच्या दाराने आत्मा आत घेण्यासारखं वाटलं. थेरवादी पंथाच्या ‘कथावत्थु’ या वादग्रंथातला पहिलाच वाद पुद्गलावर आहे, आणि बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’चं शेवटचं प्रकरण याच खंडनाला दिलं. तो पुद्गल खरोखर आहे की नुसतं नाव, एक काय ते सांगा, हा त्याचा रोख. पुद्गलवाद्यांची बाजू आपल्याला मिळते ती बरीचशी विरोधकांच्या तोंडून. त्यांचे थोडे ग्रंथ चिनी अनुवादात उरले. तरीही तो कोपऱ्यातला पंथ नव्हता. त्यांच्यातल्याच सम्मितीय या शाखेच्या भिक्खूंची संख्या सातव्या शतकात चिनी प्रवासी युआन श्वांगने मोठी नोंदवली आहे.

वसुबंधूचा युक्तिवाद आम्हाला जास्त काटेकोर वाटतो. पण याच भागातला एक दाखला पुद्गलवाद्यांच्या बाजूने बोलतो. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या 13,000हून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारला आहे, आणि खालचा नहपान मध्येमध्ये डोकावतो. चांदी तीच, नाणं तेच म्हणावं का?

तीन नंबरच्या आत 18 खोल्या आहेत. कुठल्याही खोलीच्या दारात उभं राहून ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला दिलेला रथाचा दाखला आठवून बघा: चाक रथ नाही, आस रथ नाही, जू रथ नाही; रथ हे जोडलेल्या भागांचं नुसतं नाव. लेण्याला तो लागू करताना अडचण येते, कारण इथे काही जोडलेलंच नाही. खांब म्हणजे न काढलेला दगड, खोली म्हणजे काढलेला.

तिथून दहा नंबर, नहपानाचा जावई उषवदात याचं लेणं. त्याचा लेख हिशेबाचा आहे. 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेव. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12. बेरीज चोख जुळते. मुद्दल परत करायचं नाही, खायचं ते फक्त व्याज. आणि दान ‘चातुर्दिश संघा’ला, चारी दिशांनी येणाऱ्या भिक्खूंना. त्या 20 जणांपैकी एकाचंही नाव लेखात नाही. त्या वर्षी जो राहील, त्याला 12.