विंचवाच्या नांगीचा फुगा

हर्णैजवळच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. चवदार तळ्याचा सत्याग्रह कधी झाला, असं आठवीच्या वर्गात विचारलं तर 20 मार्च 1927 हे उत्तर मुलं झोपेतही देतील. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यातलं. तरी तारखेच्या पलीकडे काही पोचत नव्हतं आणि ते मला फार लागायचं.

म्हणून एके दिवशी ‘भीमायन’ वर्गात नेलं. बाबासाहेबांच्या आयुष्यावरच्या, 2011 साली आलेल्या या चित्रकादंबरीची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची. माझी प्रत इंग्रजी, त्यामुळे मी मराठीत सांगत होते आणि पुस्तक बाकाबाकावरून फिरत होतं. नेहमीच्या कॉमिकच्या चौकटी त्यात नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवरच्या डिग्ना नक्षीनं पानं विभागली आहेत. बोलण्याचे फुगेही न्यारे. मायेनं बोलणाऱ्यांचा फुगा पक्ष्यासारखा, डसणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातल्या मनात राहिलेल्या बोलण्याच्या फुग्यात एक डोळा.

1901 साली छोटा भीम घरच्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघतो. मसूर स्टेशनावर जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं देऊन, बैलगाडी स्वतःच हाकायची या अटीवर पोरं निघतात. रात्री टोलनाक्यावर डबा भरलेला, पण पाणी कुणी देत नाही. उपाशीच झोपतात.

इथे एक मुलगी थांबली. तिच्या वाडीत पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मे महिन्यात टँकर. पानावरचं बोट न उचलता तिनं विचारलं, “बाई, झोपताना त्यांनी डबा उघडून बघितला असेल?”

“तुला काय वाटतं?”

“बघितला असणार. मग परत बांधला असणार. लहान होती ना ती.”

दोन चित्रांच्या मधली जागा वाचणाऱ्यानंच भरायची असते. ती भरताना आपण आपल्याच अनुभवाला हात घालतो, म्हणून दुसऱ्याची तहान घशाशी येते. सिनेमा पुढे पळतो. पान मात्र आपल्यासाठी थांबतं. हे मी वर्षानुवर्षं मानत आले होते, त्या पोरीनं ते डोळ्यांसमोर करून दाखवलं.

मग मी मुलांना आपापलं एक पान काढायला सांगितलं. प्रसंग स्वतः पाहिलेला हवा आणि कुणाला कोणता फुगा द्यायचा ते नीट ठरवायचं, एवढीच अट. बऱ्याच जणांनी चिडवणाऱ्या मित्राला नांगी देऊन टाकली. बोटमालकाच्या घरातल्या एका मुलानं जेटी काढली. जाळं ओढणारा नेपाळी खलाशी आणि समोर तो स्वतः. नांगीचा फुगा त्यानं स्वतःच्या तोंडाला जोडला होता. आत काय लिहिलं होतं ते इथे सांगत नाही, पण ते शब्द आमच्या बंदरावर रोज ऐकू येतात.

खलाशाच्या डोक्यावर डोळ्याचा फुगा होता, आत काहीच नाही.

“इथे काय लिहिणार?” मी विचारलं.

“तो काही बोललाच नाही, बाई. माझ्या मनानं कसं लिहू? बोट आली की विचारतो त्याला.” आणि वही माझ्याकडे न देताच त्यानं दप्तरात घातली.