दालार्ना : घराबाहेर पडलेल्यांचा प्रांत

लाल रंगाची लाकडी घरे, अंगावर फुले रंगवलेला लाकडी घोडा आणि मिडसमर या उन्हाळी सणाच्या दिवशी फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती पारंपरिक पोशाखात फेर धरणारी माणसे, या तीन गोष्टींशिवाय स्वीडनची एकही पर्यटनपत्रिका पुरी होत नाही. तिन्हींशी नाव जोडले जाते ते मध्य स्वीडनमधील दालार्ना या जुन्या प्रांताचे. स्वीडिश लोकांना हा प्रांत म्हणजे आपल्या मातीला घट्ट धरून राहिलेला अस्सल स्वीडन वाटतो. मी याच प्रांतातील फालुन शहरात राहते, आणि इथे राहून जे कळले ते जवळजवळ उलटे आहे. दालार्ना हा पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून बाहेर पडणाऱ्यांचा प्रांत आहे. राजापूर तालुक्यातून आलेल्या मला त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

नकाशा समोर घेतला की कारण ध्यानात येते. दालेल्वेन नदीच्या पूर्व आणि पश्चिम शाखांची खोरी, त्यांच्या जवळ सिल्यान तलाव आणि उरलेले सगळे जंगल, जे वायव्येला चढत चढत नॉर्वेच्या सीमेवरील डोंगरांना भिडते. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड अशनी कोसळला. त्या विवराच्या कडेने आज सिल्यान आणि इतर तलाव पसरलेले आहेत, आणि चुनखडीच्या थरांमुळे त्या वर्तुळातील जमीन आसपासच्या मानाने कसदार आहे. वस्ती तिथेच दाटली. मोठे जमीनदार इथे फारसे रुजले नाहीत, शेतकरी स्वतःच्या जमिनीचा मालक राहिला आणि वारसाहक्काने मुलींनाही जमिनीत वाटा मिळत गेला. हे सारे अभिमानाने सांगण्यासारखेच आहे, परंतु दर पिढीला वाटण्या होत गेल्यामुळे एकेका घराकडे ठिकठिकाणी विखुरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या तेवढ्या उरल्या. सातबाऱ्यावर वीस नावे आणि वाट्याला दोन खाचरे ही अवस्था ज्यांनी कोकणात पाहिली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको.

मग प्रत्येक गावाने एकेक कसब धरले. ऊर्सा येथे धार लावण्याचे दगड घडवले जात. मालुंगचे कारागीर कातड्याचे कपडे शिवत गावोगाव फिरत. मूराजवळच्या एस्टनूरमध्ये उंच उभी घड्याळे तयार होत आणि त्यांचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या घरांत बनत. एल्व्हदालेनला १७८८ मध्ये उपासमारीने गांजलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून पॉर्फिरी या अतिशय कठीण दगडाचा कारखाना निघाला. चौदावा कार्ल योहान या राजाची स्टॉकहोममधील शवपेटी त्याच दगडाची आहे. ज्या लाकडी घोड्याला १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाने प्रसिद्धी मिळवून दिली, तोही मुळात घरच्या चाकूने फावल्या वेळात कोरलेला घोडा होता. ज्यांना एवढ्यानेही भागत नसे ते हंगामी मजुरीसाठी चालत स्टॉकहोम गाठीत. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्या बागांत राबल्या, आणि एकोणिसाव्या शतकात राजधानीच्या पाण्यावर उतारूंची ने-आण करणाऱ्या हाताने चालवायच्या नावाही त्यांनी ओढल्या.

या सगळ्यांत माझे मन अडकले आहे ते वोमहूसच्या केसकाम करणाऱ्या स्त्रियांपाशी. एकोणिसाव्या शतकात या लहानशा गावातील स्त्रियांनी माणसाच्या केसांपासून दागिने विणण्याची कला आत्मसात केली आणि त्या आपल्या गावच्या पोशाखात, दोघी-तिघींच्या गटाने, जर्मनी, रशिया आणि इंग्लंडपर्यंत गेल्या. त्या काळी दूरच्या किंवा दिवंगत जिवलगाचे केस अंगावर बाळगण्याची रीत होती. गिऱ्हाईक केस देई आणि या स्त्रिया त्यांतून अंगठी, घड्याळाची साखळी किंवा गळ्यातला हार करून देत. यंदाच्या उन्हाळ्यात मी ते काम जवळून पाहिले. केस आधी सोड्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ करतात, मोजून सारख्या बटा पाडतात, मध्ये भोक असलेल्या गोल चौरंगीवर त्या बटा चहूबाजूंनी सोडतात आणि प्रत्येकीच्या टोकाला शिशाचे वजन बांधतात. मग बोटे समोरासमोरच्या बटा उचलून एकमेकींच्या जागी ठेवत जातात, आणि मधल्या बारीक काडीभोवती जाळीदार वीण उतरत राहते. शेवटी ती काडीसकट उकळून वाळवतात आणि काडी काढून घेतात. हाती येते ती आतून पोकळ, दाबली तरी पुन्हा आपला आकार घेणारी साखळी.

विणणाऱ्या वृद्ध बाईंची पणजी सेंट पीटर्सबर्गला जाऊन आली होती. मी भारतातून आले असून इथे नोकरी करते असे सांगितल्यावर, सहसा विचारला जातो तो ‘परत कधी जाणार’ हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ‘घरी पैसे पाठवतेस ना?’ एवढेच विचारले, आणि हो म्हटल्यावर समाधानाने मान हलवून पुढची बट उचलली. परदेशात माझ्या येण्याचे इतके सरळ आकलन दुसऱ्या कोणी दाखवलेले मला आठवत नाही.

हे लोक दीनवाणे मात्र कधीच नव्हते. एंगेलब्रेक्टने १४३४ मध्ये राजसत्तेविरुद्ध केलेल्या उठावात दालार्नाची माणसे आघाडीवर होती. १५२०-२१ च्या हिवाळ्यात डॅनिश राजाविरुद्ध मदत मागायला आलेल्या गुस्ताव वासाला मूराच्या लोकांनी आधी नकार दिला, आणि मग विचार बदलल्यावर नॉर्वेकडे निघालेल्या त्याला गाठण्यासाठी दोन माणसे स्कीवरून धाडली. १९२२ पासून सेलेन ते मूरा ही ९० किलोमीटरची वासालोप्पेत स्की शर्यत त्याच आठवणीत भरते. त्याला राजा केल्यावर त्याच लोकांनी त्याच्याविरुद्धही तीनदा बंड केले, त्यांतले शेवटचे चर्चच्या घंटा जप्त केल्यामुळे. खरे तर प्रांत म्हणून दालार्नाला १६३४ पासून प्रशासनात स्थान नाही. त्या वर्षी राज्यकारभार जिल्ह्यांकडे गेला आणि इथल्या जिल्ह्याला पुढे फालुनच्या तांब्याच्या खाणीवरून कोप्पारबेर्ग हे नाव पडले. घरांना तो लाल रंग देणारी हजार वर्षांची खाण १९९२ मध्ये बंद झाली, आणि १९९७ मध्ये सरकारने जिल्ह्याचे नाव दालार्ना केले. लोकांच्या तोंडी मधली साडेतीनशे वर्षेही तेच होते.

घर सोडून गेलेल्यांची आठवण इथे जपली गेली, आपल्याकडे फारशी नाही, ही खंत मला सांगितली पाहिजे, आणि आपली बाजूही. वोमहूसच्या स्त्रियांची संख्या आपल्या मानाने किरकोळ होती. मुंबईच्या १९८२ च्या संपात उतरलेले गिरणी कामगारच सुमारे अडीच लाख होते, आणि त्यांत कोकणातून गेलेल्यांचा भरणा मोठा होता. एवढ्या लोंढ्यात माणसागणिक नोंद ठेवणे सोपे नव्हते, आणि वसाहतीच्या राज्यात ती कोणाला ठेवायचीही नव्हती. स्वीडनच्या चर्चकडे मात्र घरटी नोंदवह्या होत्या. तेव्हा ‘तुम्ही काहीच जपले नाही’ असे कोणी म्हणाले तर मी ते मान्य करणार नाही. परंतु चाकरमानी या माणसाकडे आपण अजूनही थोडे हसून, थोडे कमी लेखून पाहतो, याला मात्र वसाहतीचे राज्य जबाबदार नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते आणि आजीने एकटीने गावची शेती सांभाळली. गावात त्यांची ओळख शेवटपर्यंत ‘मुंबईवाले’ अशीच राहिली. गिरणगावात खानावळी चालवून शेकडो कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, म्हणून त्यांच्याविषयी थोडेफार लिहिले तरी गेले. गावी राहून मनीऑर्डरवर घर आणि शेत चालवणाऱ्या बायकांविषयी तेवढेही नाही. त्या पिढीतल्या काही जणी आजही आपल्या ओटीवर बसलेल्या आहेत आणि विचारले तर तारीखवार सांगतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कोणत्याही महाविद्यालयाने एक उन्हाळ्याची सुट्टी त्यांचे बोलणे टिपून घेण्यासाठी द्यावी; ध्वनिमुद्रणे लिहून काढण्याचे काम मी फालुनला बसून आनंदाने करीन.