गोऽऽ

"कधी इलंस गोऽऽ?" खळ्यात पाऊल टाकलं की मावशीचा पहिला प्रश्न हा. प्रश्न खरं तर 'इलंस'लाच संपतो. पुढचा 'गो' एवढा लांबतो की तेवढ्यात माझी पिशवी या हातातून त्या हातात जाते.

मुंबईच्या शाळेत बाई म्हणायच्या, "हेल काढून वाचू नकोस." हेल म्हणजे घासून काढायचा मळ असावा, असंच तेव्हा वाटे. पण हेल म्हणजे संथ बोलणं नव्हे. मावशी बोलते भरभर, आणि शेवटच्या स्वराशी पोचली की तिथेच बसते. धक्क्याला लागलेली होडी जराशी हलत राहते ना, तशी. हेल आणि हेलकावा मला एकाच घरचे वाटतात ते यामुळे.

अशा लांबवून बोलण्याला इंग्रजांचा शब्द 'ड्रॉल'. तो बहुधा डच-जर्मनकडच्या 'ड्रालेन'वरून आला. अर्थ, रेंगाळणे. म्हणजे त्यात आळसाचा आरोप आलाच. आमच्याकडे मात्र पाणिनी पाठीशी आहे. त्याने स्वरांचे ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत असे तीन प्रकार केले. एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा. शिवाय 'दूराद्धूते च' असं सूत्रच दिलं: लांबून हाक मारताना वाक्यातला शेवटचा स्वर प्लुत. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका 'काशिका', तिच्यात त्याचं उदाहरण आहे, 'आगच्छ भो माणवक देवदत्ता३'. तो ३ तीन मात्रांचा. आपण तिथे ऽ घालतो, एवढाच फरक.

मावशीच्या आणि शेजारणीच्या घरामध्ये चिऱ्यांचा गडगा, माडांची बाग आणि एक व्हाळ. पलीकडे समुद्राची गाज. आखूड हाक तिथवर पोचणारच नाही. गंमत अशी, की चुलीपाशी दोन हातांवर बसलेल्या मलाही ती "भात वाढू गोऽऽ?" असंच विचारते. तेवढ्यात मला हो-नाही ठरवता येतं. 'सावकाश'मध्ये अवकाश आहे, तो हाच असावा.

प्लुताचं माप कोंबड्याच्या आरवण्यावरून घेतलं, अशी परंपरा आहे: उ, ऊ, ऊ३. परवा पहाटे परसातल्या कोंबड्याच्या मात्रा अंथरुणातच बोटांवर मोजल्या. पाच भरल्या. मग मावशीने चहाला हाक मारली. सहा.