सदाफुलीचा अर्क आणि ल्युकेमियाच्या पेशी : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी सदाफुली घेतली. नागपूरच्या मे महिन्यातही ती कंपाउंडच्या भेगेत फुललेली असते, त्यामुळे पानांची ददात नव्हती. ल्युकेमियावरचं (रक्ताच्या कर्करोगावरचं) औषध व्हिन्क्रिस्टीन याच झाडातून येतं. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे शास्त्रज्ञ मधुमेहासाठी तिचा अर्क तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. तिथून आधी व्हिन्ब्लास्टीन आणि मग दुसऱ्या संशोधकांच्या हातून व्हिन्क्रिस्टीन निघालं.

पानं सावलीत वाळवून, दळून मिथेनॉलमध्ये अर्क काढला. खरा कस लागला तो पेशी सांभाळताना. के-५६२ ही ल्युकेमियाची जुनी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशी. तिला ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत हवा. बाहेर पारा ४५ ला टेकलेला; लाइट गेली की मी आधी इन्क्यूबेटर गाठायची.

मग एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते दाखवणारी चाचणी. तिच्यातला पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात. के-५६२ तळाला चिकटत नाहीत, तरंगतात. म्हणून आधी प्लेट सेंट्रिफ्यूज करायची, मग पिपेटचं टोक कडेला टेकवून वरचं द्रव हळूच ओढायचं. अर्काचा डोस वाढत गेला तसा जांभळा रंग फिका होत गेला. मला कोण आनंद झाला!

मॅडमनी प्लेट बघितली आणि विचारलं, "मेल्या ते दिसतंय. कशा मेल्या? आणि फक्त याच मेल्या का?"

प्रश्न रास्तच होता. फिनाइल टाकलं तरी पेशी मरतात. म्हणून नुसत्या डीएमएसओचे (अर्क विरघळवायचं द्रावक) वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे, लावले, पेशींशिवाय नुसत्या अर्काचे लावले (अर्क स्वतःच रंग बदलू शकतो), निरोगी रक्तातल्या लिम्फोसाइट्सही (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) लावल्या. मोठ्या डोसला त्याही मेल्या. तो डोस बाद.

कमी डोसची स्लाइड गिम्झा नावाच्या रंगाने रंगवली. व्हिन्क्रिस्टीन पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, त्याच्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही. गुणसूत्रं ओढायला दोरच उरत नाहीत आणि पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकते. तुलनेसाठी केलेल्या शुद्ध औषधाच्या स्लाइडवर तशा अडकलेल्या पेशी भरपूर होत्या. अर्काच्या स्लाइडवर तुरळक, पण होत्या. काहींच्या केंद्रकाचे गोल तुकडे झालेले, म्हणजे पेशीने स्वतःच घडवलेला मृत्यू, अ‍ॅपोप्टोसिस. प्रोजेक्टमधलं मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच.

शेजारच्या काकूंच्या नातवाला ल्युकेमिया आहे. त्यांनी विचारलं, "बेटा, पानं उकळून पोराले पाजू का?" मी स्पष्ट नाही म्हटलं. ग्रॅमभर व्हिन्क्रिस्टीनसाठी शेकडो किलो पानं लागतात, आणि त्याच पानांत इतर विषारी अल्कलॉइड्सही असतात. औषध शुद्ध करून, मोजून, फक्त शिरेतूनच देतात. काकूंनी नातवाची फाइल आणली. केमोच्या तक्त्यात व्हिन्क्रिस्टीन होतंच. ते नाव मी त्यांना बोट ठेवून दाखवलं.